माल संपेपर्यंत

माझ्या मामाला दुकानात सगळे रंगराव म्हणायचे. ते काही त्याचं खरं नाव नव्हे. घरसामानाच्या एका भल्यामोठ्या दुकानात तो रंगांच्या विभागात उभा असायचा, म्हणून हे नाव. अशा दुकानांच्या शाखा शहरोशहरी असतात आणि आतून सगळ्या सारख्याच दिसतात. आणि उभा असायचा हे अगदी शब्दशः. खुर्ची दिली की विक्रेता सुस्तावतो, असं मुख्य कचेरीतल्या कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं होतं.

बोलण्यात मामाचा हात कुणी धरू शकत नसे. एखादी बाई नुसता ब्रश घ्यायला आली तर शिडी घेऊन जायची, आणि वर "भाऊ, बरं झालं बाई तुम्ही भेटलात" असं म्हणायची. नवरा-बायको भिंतीच्या रंगावरून भांडत आले की मामा दोघांच्या मधोमध तिसराच रंग काढून ठेवायचा. दोघांनाही तो आवडायचा नाही, पण दोघांपैकी कुणी हरलं असंही व्हायचं नाही, आणि डबे खपायचे. घरी आला की मात्र त्याच्या तोंडाला कुलूप. मामी म्हणायची, "सगळं बोलणं तिकडेच विकून येतो, घरी आणायला शिल्लक काही राहत नाही."

शिक्षणाच्या काळात मी या दोघांकडेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड झाले. मामावर माझा जीव आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तसं वाटणार नाही.

आता त्या दुकानात विषाची व्यवस्था कशी होती तेही सांगायला हवं. रंग, गोंद, पॉलिश, डाग घालवायची औषधं, झुरळं मारायची औषधं, यांत काय काय घातलेलं असतं हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुख्य कचेरीत त्यासाठी एक खातं होतं. ते खातं माल बनवणाऱ्यांना दरवर्षी पत्र पाठवून विचारायचं, की तुमच्या मालात काही घातक नाही ना? ते उलट कळवायचे, की छे हो, अजिबात नाही. याला तिथे तपासणी म्हणत. घरात चोरी झाल्यावर चोरालाच बोलावून "बाबा रे, तू तर नाही ना केलीस?" असं विचारावं आणि तो नाही म्हणाला की त्याला चहा पाजून पाठवून द्यावं, त्यातलाच प्रकार. मग त्या मालावर हिरवं पान छापलेलं स्टिकर लागायचं.

विक्रेत्यांसाठी एक नियम होता. डब्यावर जी सूचना छापलेली आहे ती तोंडाने सांगायची नाही. गिऱ्हाईक घाबरतं, हे एक कारण. दुसरं कारण खरं. विक्रेता एकदा बोलला की काय बोलला, किती बोलला, अर्धं सांगितलं का, ही जबाबदारी दुकानावर येते. छापील सूचना असली की जबाबदारी वाचणाऱ्यावर. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हे नव्या लोकांच्या डोक्यात भरवलं जायचं. मामाच्या डोक्यातही भरवलं होतं, आणि एरवी अखंड बडबडणारा हा माणूस या एका बाबतीत तोंड शिवून बसायचा. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरचं काम डॉक्टरने करावं, डब्याचं डब्याने, असं तो म्हणे.

त्याच्या विभागात जुना रंग उतरवायचा एक रिमूव्हर होता. लोखंडावर, लाकडावर, टबवर लावला की वर्षानुवर्षांचा रंग सालीसारखा सुटून यायचा. रंगारी आणि पॉलिशवाले त्याच्यावर खूश होते. त्याची वाफ बंद खोलीत साचली की माणूस चक्कर येऊन पडतो आणि उठत नाही, ही बातमी कुठल्या तरी दुसऱ्या शहरातून आली. मग आणखी एका शहरातून आली. मेलेल्यांच्या घरचे लोक फोटो घेऊन दुकानांच्या दारात उभे राहू लागले. वर्तमानपत्रांत आलं. तेव्हा कुठे मुख्य कचेरीला जाग आली, आणि जाहीर झालं, की अमुक तारखेपासून आमच्या एकाही शाखेत हा रिमूव्हर मिळणार नाही. आम्हाला गिऱ्हाइकाच्या जिवाची काळजी आहे.

त्यासाठी एक मोठं पोस्टर करायचं ठरलं. रिकामं शेल्फ आणि शेजारी हात छातीवर ठेवून उभा असलेला, विश्वास वाटेल असा विक्रेता. सगळ्या शाखांतून निवड झाली ती आमच्या मामाची. फोटो काढायला माणसं आली, त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर पावडर लावली. शेल्फ अर्थातच भरलेलं होतं. ते फोटोपुरतं रिकामं केलं, आणि फोटो झाल्यावर मामानेच डबे परत लावले. हे त्याने त्या वेळी आम्हाला जेवताना हसत हसत सांगितलं होतं. आम्हीही हसलो होतो.

तारीख अजून लांब होती. गोदामात डब्यांचे ढीग होते, आणि बनवणाऱ्या कंपनीने, आता हे कुठेच खपणार नाही हे ओळखून, आणखी माल पडत्या भावात गळ्यात मारला होता. एवढं विष नष्ट करायचं म्हणजे खास भट्टीत पाठवावं लागतं, त्याला खर्च. म्हणून आदेश आला की तारखेच्या आत सगळा माल विकून मोकळे व्हा. डबे रंगांच्या विभागातून उचलून थेट दारापाशी, पैसे भरायच्या रांगेला लागून रचले गेले, आणि ते खपवायला मामाला तिथे उभं केलं. आणि प्रत्येक डब्यावर लावायला केशरी स्टिकरं आली, तळहाताएवढी. निम्मी किंमत. माल संपेपर्यंत.

स्टिकर कुठे लावायचं याच्याही सूचना होत्या. मालाचं नाव झाकू नये. किमतीच्या पट्ट्या झाकू नयेत, नाहीतर यंत्राला वाचता येत नाही. झाकणावर लावू नये, डबे एकावर एक रचल्यावर दिसत नाही. डबा लहान. एवढं सगळं सोडून स्टिकर मावेल अशी एकच मोकळी जागा उरत होती, आणि ती मोकळी नव्हती. तिथे लाल चौकटीत बारीक अक्षरांत सूचना होती. मामा आणि त्याच्या विभागातली माणसं दोन दिवस बसून स्टिकरं लावत होती. कुठे लावू नये यात सूचनेच्या चौकटीचा उल्लेख नव्हता, म्हणून तिथे लावली. नीट, सरळ रेषेत, एकही बुडबुडा न ठेवता. मामाचा हात या कामात फार सफाईदार होता.

मी त्याला पुढे विचारलं होतं, "अरे, तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही?"

तो म्हणाला, "येऊन काय करणार होतो? सूचना वरून आलेल्या."

त्याच्या गिऱ्हाइकांत एक पॉलिशवाला होता. जुनी कपाटं, खुर्च्या, दारं घासूनपुसून नव्यासारखी करून द्यायचा. बारीक अंगाचा, जाड भिंगांचा चष्मा, कानामागे पेन्सिल. हा दर आठवड्याला काहीतरी न्यायला यायचा आणि दोघांच्या घटकाभर गप्पा व्हायच्या. हा रिमूव्हर त्याने कधी घेतला नव्हता, कारण तो महाग होता. तो आपला पॉलिश पेपर घेऊन अंगणात बसायचा आणि घासत राहायचा. निम्मी किंमत झाल्यावर त्याने दोन डबे घेतले. एका बाईंच्या घरी न्हाणीघरातल्या जुन्या टबचा रंग उतरवून नवा द्यायचा होता, आणि टब काही अंगणात नेता येत नाही.

काम सुरू केल्यावर घरभर वास सुटला. बाईंनी सांगितलं, दार लावून घ्या हो, डोकं उठलं माझं. त्याने दार लावलं. जेवायची वेळ झाली तरी आवाज येईना, तेव्हा त्यांनी हाका मारल्या. मग शेजाऱ्याने दार तोडलं. तो टबच्या काठावर ओणवा पडलेला होता, ब्रश हातातच. त्याच्या मागे बायको आणि एक लहान मुलगी. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती इतपतच.

यापुढचं मला खूप वर्षांनी कळलं, मामाच्याच तोंडून. पण ते इथेच सांगते, म्हणजे गोंधळ नको.

सरकारचा तपासणी अधिकारी आला तो न्हाणीघरातला डबा पिशवीत घालून घेऊन आला. डब्यावर सूचना आहे, आमचा काय संबंध, हे दुकानाचं नेहमीचं उत्तर तयार होतं. पण सूचनेवर केशरी स्टिकर. निम्मी किंमत. आता ते उत्तर चालेना. शाखेच्या साहेबाने मामाला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. त्या दिवशी त्याला बसायला खुर्ची मिळाली.

"रंगराव, हे स्टिकर कुणी लावलंय?"

"आम्हीच लावलंय साहेब. सूचनेप्रमाणे."

"सूचनेत कुठे लिहिलंय, की धोक्याची चौकट झाका म्हणून? दाखवा मला."

मामाने सूचनांचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"तेच म्हणतोय मी. तसं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे हात तुमचा. आता मला एवढंच सांगा, डबा देताना तुम्ही त्याला तोंडाने सांगितलं होतंत ना? खिडकी उघडी ठेव, बंद जागेत वापरू नको, वगैरे?"

"साहेब, तोंडाने सांगायचं नाही असा आपलाच..."

"तो नियम राहू द्या बाजूला. तुम्ही माणुसकीच्या नात्याने सांगितलं असेल. ओळखीचा होता तुमच्या. सांगितलं असेल तर सगळं ठीक आहे. नसेल सांगितलं, तर मग माणूस तुमच्यामुळे गेला. नीट आठवून बघा."

मामाने नीट आठवून पाहिलं. अधिकाऱ्यासमोर तो म्हणाला, हो, सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. हे "दोनदा" साहेबाने त्याला शिकवलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं. गिऱ्हाइकाला मापापेक्षा थोडं जास्त द्यायची त्याची जुनी खोड. आणि अधिकाऱ्याने विचारलं, की मग तो काय म्हणाला? तेव्हा मामाने त्या मेलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्यही घातलं. "तो हसला साहेब. म्हणाला, इतकी वर्षं हेच काम करतोय, मला नका शिकवू."

झालं. मयताने विक्रेत्याच्या तोंडी सूचनेकडे दुर्लक्ष केलं, असा निष्कर्ष निघाला. प्रकरण मिटलं. पॉलिशवाल्याच्या बायकोला दुकानाकडून फुलांचा एक गुच्छ गेला, बाकी काही जायचं कारणच उरलं नाही.

तारीख आली तेव्हा पोस्टर लागलं. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर आमचा मामा, छातीवर हात ठेवून. खाली मोठ्या अक्षरांत: आम्ही हटवलं. तुमच्यासाठी. रिमूव्हरच्या जागी नवा डबा आला, हिरवं पान लावलेला. त्यात त्याच विषाचा चुलतभाऊ होता. त्याचं नाव अजून कुठल्या यादीत आलेलं नव्हतं, एवढाच फरक. मामाची विभागातून सुटका झाली आणि त्याला प्रशिक्षक केलं गेलं. नव्या पोरापोरींना तो सुरक्षिततेचे धडे देऊ लागला. आता खुर्ची होती, टेबल होतं, पाण्याची बाटली होती.

त्या धड्यात पॉलिशवाल्याची गोष्ट असायचीच. "एक गिऱ्हाईक होतं माझं," इथून सुरुवात. सांगून सांगून ती गोष्ट रंगत गेली. पॉलिशवाला आधी नुसता हसायचा, मग तो हात झटकू लागला, मग तो म्हणू लागला की तुम्हा दुकानदारांना काय कळतंय. दरवर्षी तो अधिकाधिक हटवादी होत गेला, आणि मामा अधिकाधिक कळवळून त्याला सांगत गेला. मी स्वतः एकदा ती गोष्ट ऐकली आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज त्या पाण्याची मला लाज वाटते, पण स्वतःपेक्षा जास्त मला मामाचा राग येतो.

एकदा पॉलिशवाल्याची बायको दुकानात आली होती, मुलीचा हात धरून. मामाचे आभार मानायला. तिने मुलीला पुढे केलं आणि म्हणाली, "हे ते काका. यांनी सांगितलं होतं बाबांना. पण तुझ्या बाबांनी कधी कुणाचं ऐकलंय?" मामाने त्या पोरीला रंगांच्या छटांचं एक कार्ड खेळायला दिलं. दुसरं काय करणार, असं तो मला सांगताना म्हणाला. मी म्हटलं, बरंच काही करता आलं असतं.

तो निवृत्त झाला. दुकानाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मामीला वाटलं, आता हा घरात बोलेल. पण तो रिकाम्या पिशव्या घेऊन बाजारात हिंडत राहायचा. अशाच एका गल्लीत खिळे-कुलपं विकणाऱ्या एका बारक्या दुकानात त्याला तो डबा दिसला. धुळीत, वरच्या फळीवर, पाच-सहा डबे. केशरी स्टिकरसकट. मोठ्या दुकानाने तारखेनंतर उरलेला माल नष्ट केला नव्हताच. कुणा लॉटवाल्याला एकगठ्ठा विकला होता, त्याने असल्या छोट्या दुकानांना. आम्ही हटवलं, हे खरंच होतं म्हणा. आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात हटवलं.

मामाने सगळे डबे विकत घेतले आणि घरी आणून बाल्कनीत ठेवले. मामीने तोंडाचा पट्टा सुरू केला, "वेड लागलंय का? कुठला टब खरवडायचाय आपल्याला?" मामाने एका डब्याचं स्टिकर नखाने सोलून काढलं. खालचा कागद अगदी कोरा करकरीत राहिला होता, उन्हाचा नि धुळीचा स्पर्श न झालेला. लाल चौकट. चष्मा लावून त्याने ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. एवढी वर्षं विकलं, कधी वाचलं नव्हतं. हवा खेळती ठेवा. बंद जागेत वापरल्यास मृत्यू येऊ शकतो.

त्यानंतर त्याचं जेवण तुटलं. मामीने घाबरून मला फोन केला. मी गेले. डब्यांची आधी कचराखात्याच्या माणसाकरवी रीतसर सोय लावली, मग मामापुढे बसले. तो म्हणाला, "पोरी, मला एका घरी घेऊन चल." गाडीत त्याने मला सगळं सांगितलं. म्हणजे मला वाटलं, सगळं सांगितलं. मी इतकी संतापले होते की दोनदा वळण चुकले. मी त्याला म्हटलं, "आणि आता कशाला जायचं? तुझी झोप उडाली म्हणून?" तो म्हणाला, "हो. म्हणूनच." खोटं बोलून दमलेला माणूस निदान तेवढं तरी खरं बोलला.

पॉलिशवाल्याची बायको कपडे दुरुस्त करून द्यायचं काम करते. पुढची खोली हेच तिचं दुकान. शिवणयंत्र, चेन बदलायला आलेल्या पँटी, खुंटीवर टाचण्या टोचलेले कोट. मामाला तिने लगेच ओळखलं.

"अगं बाई! तुम्ही? या, या, बसा भाऊ. केस पार गेले की हो तुमचे! आणि ही कोण?"

"माझी भाची."

"बस गं. मी चहा टाकते."

"वहिनी, चहा नको. जरा बोलायचं होतं."

ती एक कोट मांडीवर घेऊन बसली. आणि मग आमचा मामा, जो हिवाळ्यात पंखा विकू शकला असता, तो पडद्याच्या रंगाविषयी बोलू लागला. रंग छान निवडलात म्हणाला. खोली उजळ दिसते म्हणाला. तिला काही कळेना. माझं डोकं फिरलं.

"मामा, बोल," मी म्हटलं.

तेव्हा तो बोलला. मान खाली घालून, एका दमात. सांगितलं नव्हतं. एकदाही नाही आणि दोनदाही नाही. स्टिकर मीच लावलं होतं. ते हसले, मला नका शिकवू म्हणाले, हे सगळं मी रचलं.

ती कोटातून टाचण्या काढत होती. तिने हातातली टाचणी डबीत टाकली आणि पुढची काढली. ती पण डबीत टाकली.

"मग तेव्हा अधिकाऱ्यासमोर बोललात ते?"

"खोटं होतं."

"आणि मी पोरीला घेऊन तुमच्याकडे आले होते तेव्हा?"

"तेव्हाही वहिनी."

मला वाटलं, ती रडेल. रडली नाही. तिचा आवाज चढलाही नाही, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"भाऊ, तो गेला त्याचं दुःख मी चार दिवस केलं असेल. पाचव्या दिवशी मला कळलं, की तुम्ही सांगूनही त्याने ऐकलं नाही. तिथून पुढे मी फक्त राग केला. माझा, पोरीचा विचार केला नाही म्हणून राग. मशीन चालवता चालवता त्याला शिव्या घातल्या मी. पोरीने फोटो मागितला तर म्हटलं, कशाला हवाय, ज्याला आपली पर्वा नव्हती त्याचा. ती हट्ट करायला लागली की म्हणायचे, गेलीस बापावर. आडमुठी. एवढी वर्षं, भाऊ. आता त्या शिव्या मी कुठे नेऊन टाकू? तुम्ही घेता का परत? तुमच्या दुकानात माल परत घेतात ना?"

मामा हात जोडून बसला होता. "वहिनी, मला माफ..."

"नाही. ते नाही मिळणार. तुमचं मन हलकं झालं असेल, तेवढं घेऊन जा." मग ती कोट हातात घेऊनच उठली आणि आतल्या दाराकडे जाऊन थांबली. "पण त्याआधी एक काम करा. हे सगळं पोरीला सांगा. मी नाही सांगणार. तुम्ही बोललेलं तुम्हीच निस्तरा."

तिने हाक मारली तशी मुलगी बाहेर आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. सुट्टीचा दिवस होता, कुठल्याशा कचेरीत ती नोकरीला लागली होती. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बापासारखाच असावा, कारण मामा तिच्याकडे बघून जागच्या जागी आकसला. आईने तिला स्टुलावर बसवलं आणि मामाकडे बोट केलं. मामाने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी त्याला मध्ये मध्ये थांबावं लागलं.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. आईसारखं तिने काही सुनावलं नाही. तिने एकच प्रश्न विचारला, आणि तो इतका साधा होता की माझ्या किंवा तिच्या आईच्या डोक्यातही आला नव्हता.

"तुम्ही सांगितलं नाहीत, ते कळलं. पण मग बाबा डबे घेताना काय म्हणाले होते?"

मामा माझ्याकडे बघू लागला. मी काय सांगणार, मला कुठे ठाऊक होतं?

"काहीतरी म्हणाले असतील ना? तुमच्या गप्पा व्हायच्या म्हणालात."

"विचारलं होतं त्यांनी," मामा म्हणाला.

"काय?"

"म्हणाले, याला वास फार उग्र येतो म्हणतात. आत न्हाणीघरात वापरायचंय. चालेल ना? काही होणार नाही ना?"

हे त्याने मला गाडीत सांगितलं नव्हतं. मामीलाही सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मागे रांग होती. मी म्हटलं, वास येतोय म्हणजे काम करतंय. सगळे हसले. तेही हसले."

मुलीने मान हलवली. मामाकडे तिने पुन्हा पाहिलंच नाही. ती स्टुलावरून उठली, आईपाशी गेली आणि तिच्या हातातला कोट हळूच काढून घेऊन बाजूला ठेवला.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी विचारलं होतं गं."